चेतना नव्हती, पण हयगय होती

"मॅडम, बाबाले मीच मारलं." नागपुरातल्या माझ्या समुपदेशन कक्षात आलेल्या चाळिशीतल्या बाईंचे हे पहिले वाक्य होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, घरच्या कूलरचा पंप बिघडला, मिस्त्रीला फोन करणे त्यांनी दोन दिवस लांबवले आणि तिसऱ्या दिवशी त्या ड्युटीवर असताना ऐंशीच्या घरातले वडील उष्माघाताने गेले. मिस्त्रीच्या नंबरची चिठ्ठी, घड्यांवर फाटत आलेली, अजूनही त्यांच्या पर्समध्ये होती.

"नशिबातच होतं," असे शेजारीपाजारी सांगत. हे सांत्वन मला पटत नाही, कारण दोषाबरोबर ते माणसाचे कर्तेपणही काढून घेते. त्यांचे वडील १९५६ साली आजोबांचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेले. त्या घरातल्या आत्याने बुद्धवचन ऐकवले होते की चेतना, म्हणजे कृतीमागचा हेतू, हेच कर्म. त्यावर बाईंचा प्रश्न होता: "मारायची चेतना नव्हती, पण हयगय तर होती ना?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. अजाणता घडलेले कृत्य इच्छेविरुद्ध घडले असे म्हणायचे, तर करणाऱ्याला त्याचा पश्चात्ताप व्हायला हवा, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. पण ते अजाणतेपण निष्काळजीपणातून आले असेल तर तो जबाबदारी माफ करत नाही. म्हणून मी त्यांना कागदाचे दोन भाग करायला सांगितले: त्या सकाळी दाराबाहेर पडताना जे माहीत होते ते एकीकडे, संध्याकाळनंतर जे कळले ते दुसरीकडे. "मले गरम नाही होत, तू जाय," हे बाबांचे शब्द पहिल्या भागात आले. म्हातारपणी उष्णतेची आणि तहानेची जाणीव मंदावते, हे डॉक्टरांकडून नंतर कळलेले, म्हणून ते दुसऱ्या भागात गेले. इतके महिने त्या दुसऱ्या भागातली माहिती घेऊन पहिल्या भागातल्या स्वतःला शिक्षा देत होत्या.

पहिल्या भागाच्या तळाशी त्यांनी "फोन करायचा कंटाळा केला," असे लिहिले आणि विचारले, "हे खोडू का?" मी नको म्हटले. तेवढे खरोखर त्यांचे होते. कागदाच्या माथ्यावर लिहिलेला "मारलं" हा शब्द मात्र पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःच खोडला.