रुळांच्या काळातले नकाशे: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

इंग्लंडचे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले ऑर्डनन्स सर्व्हेचे (तिथल्या सरकारी मोजणी खात्याचे) नकाशे हल्ली नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, अगदी आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून सरकवत बघता येतात, त्यामुळे तिकडे राहणारी आपली मंडळी आपल्या घराच्या जागी पूर्वी काय होतं ते शोधतात आणि अडलं की मला लिहितात. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत.

डर्बीशायरचा एक इंची (मैलाला एक इंच) नकाशा फ्रेम करून घेतला. खाली १८४० छापलंय, पण रोझली ते बक्सटन रेल्वे दिसते, ती तर १८६३ ला सुरू झाली. फसवलं का मला? (डर्बी)

नाही हो, लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. हे नकाशे तांब्याच्या प्लेटवर कोरलेले असायचे आणि अख्खी प्लेट नव्याने कोरणं म्हणजे महिनोन्महिन्यांचं काम. म्हणून नवी रेल्वे आली की प्लेटची नक्कल करून (पुढे हे विजेच्या प्रक्रियेने सोपं झालं) त्यावर फक्त रुळांची रेघ घालायचे, बाकी गावं, रस्ते, झाडी सगळं तसंच आणि खालची तारीखही तशीच. म्हणजे तुमच्या कागदावर रस्ते १८४० चे आणि रेल्वे बऱ्याच नंतरची, दोन्ही शेजारी शेजारी. माझ्या मते कुठल्याही जुन्या नकाशाला 'हा कुठल्या सालचा' असं विचारणंच अर्धवट आहे, मोजणी कधीची, भर कधीची आणि छपाई कधीची असं तीनदा विचारावं लागतं.

आता तुमच्या प्रतीची तारीख रेल्वेवरूनच काढता येईल. रोझली-बक्सटन आहे म्हणजे छपाई १८६३ च्या आधीची नाही. आता चेस्टरफील्डपासून थेट शेफील्डला जाणारी लाइन दिसते का बघा, ती १८७० ला सुरू झाली. त्याआधी मुख्य लाइन शेफील्डला बाजूला टाकून रॉदरहॅमवरून जायची. ती थेट लाइन दिसत नसेल तर प्रत बहुधा १८६३ ते १८७० मधली. दिसत असेल तर पुढे होप व्हॅलीतली डोर ते चिनली लाइन शोधा, ती १८९४ ची. बहुधा म्हणतोय कारण भर घालायला कधी कधी उशीरही व्हायचा. आणि कागद पांढराशुभ्र गुळगुळीत असेल तर अलीकडचं रीप्रिंट असू शकतं, ते वेगळं.

पंचवीस इंची नकाशावर आमच्या स्टेशनाभोवती नुसती अक्षरं आहेत, एस.पी., एस.बी., डब्ल्यू.एम., एम.पी. मध्ये एक गोल पण आहे. (लेस्टर)

एस.पी. म्हणजे सिग्नलचा खांब, एस.बी. म्हणजे सिग्नल बॉक्स (आपले रेल्वेवाले केबिन म्हणतात ती), एफ.बी. दिसलं तर पादचारी पूल. एम.पी. रुळाकडेला असेल तर मैलाचा खांब, पण तीच अक्षरं गोदीच्या किंवा कालव्याच्या काठाला असतील तर बोट बांधायचा खुंटा, म्हणून आधी आजूबाजूला काय आहे ते बघायचं आणि मगच अक्षर वाचायचं. डब्ल्यू.एम. म्हणजे वजनकाटा. तो बहुतेक मालधक्क्याच्या फाटकापाशी असतो कारण कोळशाची गाडी रिकामी आत जायची आणि भरून बाहेर येताना तोलली जायची. गोल म्हणजे टर्नटेबल. शेडजवळचा मोठा गोल इंजिन फिरवायला, आणि मालधक्क्यात छोटे छोटे गोल असतील तर एकेक वाघीण (मालाचा डबा) फिरवून काटकोनातल्या रुळावर ढकलायला.

या स्केलची खरी मजा म्हणजे प्रत्येक लाइनचे दोन्ही रूळ वेगळे काढलेले असतात, त्यामुळे झूम करून सायडिंग (मुख्य लाइनच्या बाजूचे जादा रूळ) मोजता येतात. एखाद्या छोट्या गावाच्या स्टेशनावर प्रवाशांसाठी दोन फलाट आणि मागे मालाला सहा-सात सायडिंग, शेजारी गुरांचे कोंडवाडे आणि क्रेन असं दिसलं की गाव कशावर जगत होतं ते नकाशाच सांगतो. सुरुवातीच्या काही प्रती हाताने रंगवलेल्या आहेत, त्यात विटा-दगडाची घरं लालसर, लाकडाची किंवा पत्र्याची राखाडी आणि पाणी निळं. मालधक्क्याची शेड राखाडी असेल तर ती दगडी नव्हती, एवढं घरबसल्या कळतं.

शेतांवर एक नंबर आणि खाली ४.३१७ असा आकडा. आपल्या गट नंबरसारखं आहे का हे? आणि तिरका लांबट एस कशाला काढलाय? (नाशिक, मुलगा मँचेस्टरला)

बरोबर ओळखलंत, वरचा तुकड्याचा नंबर आणि खालचा एकरात क्षेत्रफळ. लांबट एस दिसला की समजायचं की कुंपणाच्या किंवा वाटेच्या दोन्ही बाजूंचा भाग एकाच नंबरात धरलाय. स्केल १:२५०० आहे, त्यात कागदावरचा एक चौरस इंच म्हणजे जवळजवळ एक एकर पडतो, म्हणून मूळ आकाराची प्रत हातात असेल तर अंगठ्याने सुद्धा अंदाज येतो. त्यांची साखळी ६६ फुटांची आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडे मुंबई इलाख्यात मोजणीला जी शंकू साखळी वापरली ती बरोबर तिच्या निम्मी, ३३ फुटांची, सोळा आण्यांत वाटलेली, आणि तिचा एक चौरस म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर त्यातूनच येतो.

पण इथे एक मोठा फरक लक्षात ठेवा. हा सातबारा नाही. मालक कोण हे या नकाशाला माहीतच नाही, जमिनीवर कुंपण दिसलं म्हणून रेघ काढली एवढंच. पायवाटेचंही तसंच, १८८९ च्या सुमारापासून तर नकाशावर छापूनच यायला लागलं की इथे वाट दाखवली म्हणजे वहिवाटीचा हक्क आहे असं नाही. मुलगा शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद घालायला हा नकाशा नेणार असेल तर त्याला आवरा. हद्द नेमकी दाखवलीय ती पॅरिशची, म्हणजे गावाच्या शिवेची, आणि तिथे मात्र बारकावा बघण्यासारखा आहे. ठिपक्यांच्या रेघेशेजारी '४ फूट आर.एच.' असं लिहिलेलं सापडेल, म्हणजे शीव झुडपी कुंपणाच्या मुळापासून चार फुटांवर आहे. कुंपणाला लागून चर असायचा ना, तो धरून! सी.एस. असेल तर ओढ्याच्या मधोमध, एफ.डब्ल्यू. म्हणजे भिंतीच्या तोंडाला. बांध कोरणाऱ्यांच्या देशात जन्मलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

आणि हो, १८३६ च्या कायद्यानंतरच्या टाइद (चर्चला द्यायच्या दशांश कराच्या) नकाशांवरचे नंबर वेगळे, ते यांच्याशी जुळवत बसू नका. रेल्वेने शेत मधून चिरलं असेल तर जुन्या टाइद नकाशात एक नंबर आणि इथे दोन, शिवाय रेल्वेच्या पट्टीला स्वतःचा तिसरा.

एका खासगी प्रकाशकाच्या काउंटी नकाशावर रेल्वे आहे, जागेवर काहीच नाही, भराव नाही की पूल नाही. उखडली असेल? (ठाणे)

बहुधा कधी झालीच नाही. १८४५ साली तिकडे रेल्वेचं वेड लागलं होतं, पार्लमेंटकडे प्रस्तावाचे प्लॅन द्यायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर, आणि त्या वर्षी ते प्लॅन वेळेत पोचवायला जी पळापळ झाली ती विचारू नका. १८४६ मध्ये अडीचशेहून जास्त रेल्वे कायदे मंजूर झाले आणि त्यातल्या कितीतरी लाइन्स पैसे आटल्यावर कागदावरच राहिल्या. खासगी प्रकाशकांना नकाशा 'ताजा' दिसायला हवा असायचा. क्रचलीसारख्या प्रकाशकांनी तर केरी या आधीच्या नकाशाकाराच्या जुन्या प्लेटा विकत घेऊन त्यावर रेल्वे घातल्या, आणि मंजूर झालेली लाइन बांधलेली असल्यासारखी छापायचा मोह कुणाला नाही होत.

तिथल्या काउंटीच्या दफ्तरात पार्लमेंटला दिलेला प्लॅन सापडला तर जरूर बघा. मधली रेघ रुळांची, तिच्यावर मैल-फर्लांगाचे टिंब, आणि दोन्ही बाजूंना तुटक रेघा. त्या तुटक रेघांच्या आत कंपनीला लाइन इकडे-तिकडे सरकवायची मुभा होती, मोकळ्या रानात साधारण शंभर यार्ड, गावात दहाच. रेघांमधल्या प्रत्येक घराला, परसाला नंबर आणि सोबतच्या वहीत मालक, भाडेकरू, राहणारा यांची नावं. रेल्वे झाली नाही तरी ही यादी उरली, पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांसाठी तर लॉटरीच.

बी.एम. आणि आकडा म्हणजे काय? आणि डोंगर असे केसाळ सुरवंटासारखे का काढलेत? (पुणे)

बी.एम. म्हणजे बेंचमार्क. चर्चच्या भिंतीत, रेल्वे पुलाच्या पायथ्याला एक आडवी चीर आणि तिच्याखाली बाण कोरलेला असतो, आकडा त्या चिरेची समुद्रसपाटीपासूनची फुटांतली उंची. ही समुद्रसपाटी लिव्हरपूलची, १८४४ मध्ये तिथल्या गोदीत घेतलेल्या मोजमापांवरून ठरवलेली. आजची उंची न्यूलिनवरून धरतात, म्हणून दोन आकडे सरळ वजा करून 'जमीन खचली' असं ठरवू नका. सुरवंट म्हणजे उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक रेघा, चढ जितका उभा तितक्या त्या दाट. दिसायला सुरेख, पण उंची किती ते त्यावरून कळत नाही, आणि डोंगराळ भागात गावांची नावं पार बुडून जातात.

क्रॉमफर्डजवळ एका रेल्वेवर 'इन्क्लाइन्ड प्लेन' लिहिलंय. भोर घाटासारखं काही? (लोणावळा)

दोन्हीकडे चढच, पण काम वेगळं. भोर घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ होता आणि गाड्या इंजिनांनीच चढायच्या, खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशनात दिशा बदलून. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे १८३१ पर्यंत पुरी झाली, तेव्हा इंजिनांवर तेवढा भरवसाच नव्हता, मग सपाट भागात घोडे आणि चढावर दोर. मिडल्टनचा चढ साधारण आठ फुटांना एक, माथ्यावर एका जागी बसवलेलं वाफेचं इंजिन दोराने वाघिणी ओढायचं. नकाशावर ओळखायला सोपं आहे: इतर रेल्वे डोंगराला वळसा घालते, ही त्या सुरवंटाच्या केसांतून सरळ पट्टीने ओढल्यासारखी वर जाते आणि वरच्या टोकाला 'एंजिन हाऊस' लिहिलेलं असतं. मिडल्टन टॉपचं १८२९ चं इंजिन आजही तिथे जपून ठेवलंय, आणि रुळांच्या जागी आता हाय पीक ट्रेल आहे, सायकलने जाता येतं, फक्त चढ खालून सुरू करू नका.