नवरा मायनर लीग बेसबॉलमध्ये अंपायर असेल तर संसार जमतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं लग्न ठरतंय, मुलगा अमेरिकेत बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये (मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या खालच्या लीगांमध्ये) अंपायर आहे, अर्धं वर्ष तो फिरतीवर असतो, आणि घरच्यांना काळजी वाटतेय की अशा माणसाबरोबर घर कसं चालणार. माझा नवरा याच कामात आहे. आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. आम्हाला एक मुलगी आहे आणि मी इथेच नोकरी करते. घर चालतं, चांगलं चालतं. मात्र रोजच्या रोज नोकरी आणि घर असा मेळ बसवायला गेलात तर तो बसणार नाही. एप्रिल ते सप्टेंबर घर तुमच्या एकटीच्या अंगावर असणार, हे आधी मान्य करायचं आणि मग बाकीचं ठरवायचं.

घरच्यांना समजावताना एक गोष्ट नीट सांगा. खेळाडूचे निम्मे सामने त्याच्या गावात होतात. तो रात्री आपल्या बिछान्यात झोपतो, सकाळी पोरांना शाळेत सोडू शकतो. अंपायरला घरचं मैदानच नसतं. त्याची प्रत्येक मालिका परगावी. आपल्याकडे रणजीचा अंपायर चार दिवसांचा सामना आटपून घरी येतो, मग पुढच्या सामन्याला निघतो. इथे मंगळवार ते रविवार रोज सामना, सोमवारी सुट्टी, आणि ती सुट्टी बहुतेक वेळा पुढचं गाव गाठण्यात जाते. सिंगल-ए आणि हाय-ए या खालच्या पातळ्यांवर संघाचे हंगामात १३२ सामने होतात, त्यावरच्या डबल-एमध्ये १३८, सगळ्यांत वरच्या ट्रिपल-एमध्ये १५०. खालच्या पातळीवर एका सामन्याला दोनच अंपायर असतात. एक प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या मागे, दुसरा बेसवर, म्हणजे धावपटूंच्या टप्प्यांवर, दुसऱ्या दिवशी अदलाबदल.

ही दोन माणसं हंगामभर एकत्र असतात. एक गाडी, एक हॉटेल, जेवणही बरोबर. खेळाडूंत मिसळायचं नाही असा दंडक, त्यामुळे संघ उतरतो त्या हॉटेलात हे उतरत नाहीत. म्हणजे सहा महिने नवऱ्याला बोलायला माणूस एकच. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचा जोडीदार कोण आहे याची चौकशी जरूर करा, त्याच्याशी ओळख वाढवा. नवरा मिडवेस्ट लीग या हाय-ए लीगमध्ये होता तेव्हा ओहायोतल्याच डेटनची मालिका आली की रविवारी दुपारचा सामना संपवून दोघे आमच्याकडे यायचे, कारण गाडी एकच. सोमवारी सकाळी जोडीदारालाही पोहे आणि चहा. त्या मुलाची आई दूर टेक्सासमध्ये होती, तीही मला फोन करून विचारायची की दोघांची तब्येत बरी दिसते ना. या कामातली कुटुंबं एकमेकांना अशी धरून असतात. मला इथे पहिल्या काही वर्षांत मिळालेल्या खऱ्या मैत्रिणी याच घरांतल्या आहेत.

२०२१ पासून एक बदल झाला, तो आम्हा घरच्यांसाठी फार मोठा आहे. पूर्वी एका गावात तीन-चार सामने झाले की पुढचं गाव. आता एका ठिकाणी सलग सहा सामने असतात. म्हणजे आठवडाभर पत्ता एकच. सुट्टी घेऊन जायचं तर अशाच आठवड्यात जा. फोर्ट वेन, साउथ बेंड, ग्रँड रॅपिड्स ही गावं आम्ही अशीच पाहिली. अंपायरचा दिवस दुपारपर्यंत मोकळा असतो. सामना साधारण साडेसहा-सातला, मैदानावर पोचायचं त्याच्या तास-दीड तास आधी. सकाळी तिघांनी बागेत जायचं, दुपारी निवांत जेवायचं, चारनंतर त्याला त्याच्या तयारीला सोडायचं. प्लेटमागे उभं राहायच्या दिवशी तो दुपारनंतर कमी बोलतो. ते मनावर घेऊ नका.

मुलीला घेऊन सामना बघायला जाता तेव्हा प्लेटच्या मागच्या रांगांत बसू नका. तिथे अंपायरला उद्देशून जे ओरडलं जातं ते चार वर्षांच्या मुलीच्या कानावर पडू नये असं मला वाटतं. आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला, दूर बसतो. ट्रिपल-एमध्ये आता बॉल-स्ट्राइकच्या, म्हणजे चेंडू योग्य टप्प्यातून गेला की नाही या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं, निकाल मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर दिसतो, आणि २०२६ पासून मेजर लीगमध्येही हीच पद्धत आली. मुलीला आम्ही सांगितलंय की बाबाचा निर्णय बदलला तरी बाबा पुढच्या चेंडूला तसाच खाली वाकून उभा राहतो, ते बघायचं. ती तेच बघते.

फोनची वेळ ठरवून घ्या, आणि ती सामन्याआधीची ठेवा. बहुतेक घरांत लग्न नवं असताना सामन्यानंतरची वेळ ठरते, कारण ती सोयीची वाटते. पण तेव्हा तो दमलेला असतो. कुणाला मैदानाबाहेर काढलं असेल तर त्याच रात्री अहवाल लिहून पाठवायचा असतो. २०२२ मध्ये मायनर लीगमध्ये सगळीकडे पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणारं घड्याळ आलं आणि सामने सरासरी पंचवीसेक मिनिटांनी लवकर संपू लागले. ओहायोच्या वेळेत सामना असेल तर आता झोपायच्या आधी दोन शब्द होऊ शकतात, एवढा त्याचा उपयोग. पण ट्रिपल-एमध्ये पश्चिमेकडच्या पॅसिफिक कोस्ट लीगला नेमणूक झाली तर काय? नेवाडातल्या रीनोत संध्याकाळी साडेसहाला पहिला चेंडू पडतो तेव्हा कोलंबसमध्ये रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. सकाळी आम्ही उठतो तेव्हा तिथे पहाट. म्हणून आमच्याकडे मुलगी शाळेतून आली की साडेतीनचा फोन ठरलेला आहे, तिथे तेव्हा साडेबारा. त्या फोनवर मी घराच्या कटकटी काढत नाही. तो वेळ तिचा. वॉशिंग मशीन, भाडं, विमा हे सगळं मी लिहून पाठवते, तो सकाळी उत्तर देतो.

लीग बदलली म्हणून घर हलवू नका. आज मिडवेस्ट लीग, दोन वर्षांनी टेक्सास लीग, हंगामाच्या मधेच बढती आली तर दोन दिवसांत भलत्याच राज्यात. त्याच्या मागे फिरत राहिलात तर तुमची नोकरीही जाईल आणि तुमची माणसंही राहणार नाहीत. जिथे तुमचं काम आहे, शेजार आहे, जमलं तर मराठी मंडळ आहे, तिथे मुळं धरा. ओहायो, पेनसिल्वेनिया, कॅरोलायना या भागांत संघ एकमेकांच्या जवळ आहेत, त्यामुळे तो अधूनमधून तरी घराच्या टप्प्यात येतो. माझी आई नाशिकहून एप्रिलमध्ये येते. आईवडिलांना भेटीच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहू देतात, आणि हंगामही तेवढाच. तिचं येणं नसतं तर मुलगी लहान असताना नोकरी टिकवणं मला फार अवघड गेलं असतं, हे मी सगळ्यांना सांगते. तुमच्या आईला किंवा सासूबाईंना हे आत्ताच विचारून ठेवा. मदत मागायची लाज धरू नका.

पैशाबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून मी बोलते. २०२१ च्या आधीच्या काळात सगळ्यांत खालच्या रुकी लीगमध्ये महिन्याला साधारण १,९०० ते २,१०० डॉलर मिळत, ट्रिपल-एमध्ये २,६०० ते ३,५०० डॉलर. हॉटेल लीगचं, जेवणाचा रोजचा भत्ता वेगळा. पण पगार हंगामापुरता. २००६ मध्ये याच पगार-भत्त्यांवरून अंपायरांनी हंगामाच्या तोंडावर संप केला, तो जूनपर्यंत चालला. २०२० मध्ये कोविडमुळे मायनर लीगचा अख्खा हंगाम रद्द झाला. अशा वर्षी घरात दुसरा पगार नसेल तर काय होतं याची कल्पना करा. आजचा त्याचा आकडा त्याच्याकडून कागदावर घ्या, आणि आरोग्यविमा शक्यतो तुमच्या नोकरीतून ठेवा. हे मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं समजू नका.

आता खरी कठीण गोष्ट. तुमच्या घरचे विचारतायत की तो सहा महिने नसेल तेव्हा काय. मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं की हे किती वर्षं. मायनर लीगचे १२० संघ आहेत, म्हणजे एका संध्याकाळी ६० सामने, प्रत्येकाला दोन-तीन अंपायर. वर मेजर लीगमध्ये कायमच्या जागा फक्त ७६. त्या जागांवरचे लोक वीस-वीस, तीस-तीस वर्षं काम करतात, त्यामुळे वर्षाला एखादी जागा निघाली तर निघाली. २०२३ च्या हंगामाआधी दहा जण एकदम निवृत्त झाले, तसं वर्ष क्वचित येतं. वर जायला सात ते दहा वर्षं लागतात असं या क्षेत्रात धरतात. दरवर्षी निरीक्षक येऊन गुण देतात, क्रम लागतो, आणि वर जाण्याची शक्यता दिसत नसेल तर त्याच पातळीवर कायम ठेवत नाहीत, कामावरून काढून टाकतात. जेन पावोल २०१६ मध्ये खालच्या लीगमध्ये लागल्या, मायनर लीगचे १,२०० हून जास्त सामने केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अटलांटात मेजर लीगच्या सामन्यात अंपायर म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि पॅम पोस्टेमा यांनी १३ हंगाम केले, ट्रिपल-एपर्यंत पोचल्या, १९८९ मध्ये त्यांना कामावरून काढण्यात आलं. दोघींची मेहनत सारखीच मोठी आहे.

म्हणून लग्नाआधी बसून ठरवा: किती वर्षं द्यायची, आणि कुठल्या पातळीवर किती वर्षं अडकलं की थांबायचं. आम्ही हे दर ऑक्टोबरमध्ये बोलतो, हंगाम चालू असताना कधीच नाही. जुलैमध्ये, उन्हात आठ-नऊ तास गाडी चालवून आलेला माणूस सोडून द्यायच्याच गोष्टी करतो, आणि एक चांगला सामना झाला की सगळं विसरतो. दोन्ही वेळी त्याचं बोलणं प्रामाणिक असतं, पण निर्णय घ्यायची ती वेळ नव्हे. तो थांबला तर पुढे काय करणार, त्यासाठी हिवाळ्यात कुठला अभ्यासक्रम करणार, हेही त्यातच बोला. तिशीच्या मध्यावर नव्याने सुरुवात करावी लागली तर हाताशी काही असायला हवं.

हिवाळ्यात तो घरी असतो, असं सगळे म्हणतात. तेही पूर्ण खरं नाही. पुष्कळ अंपायर हिवाळ्यात बास्केटबॉलचे रेफरी म्हणून काम करतात. पैसे बरे मिळतात, पण त्यात सगळ्या संध्याकाळी जातात, म्हणजे उन्हाळ्यातही संध्याकाळी नाही आणि हिवाळ्यातही नाही. यात मी ठाम राहिले. माझ्या नवऱ्याने शाळेत बदली शिक्षकाचं काम धरलं. पैसे थोडे कमी, पण पाच वाजता घरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्रीचं जेवण तिघांचं एकत्र होतं, मुलीचा अभ्यास तो घेतो, डॉक्टरच्या वेळा तो सांभाळतो, आणि मी माझ्या कामाचे मोठे प्रकल्प त्या महिन्यांत घेते. असा वर्षाचा हिशेब मांडला तर अनेक आठ-ते-सहा नोकरीवाल्या बापांपेक्षा तो मुलीला जास्त वेळ देतो, हे मी मनापासून सांगते.

सणांचं सांगायचं तर गुढीपाडव्याला तो निघण्याच्या गडबडीत असतो किंवा निघालेला असतो. गणपतीत नसतो. दिवाळीला असतो, फक्त ॲरिझोना फॉल लीगचं बोलावणं आलं तर नाही. ती लीग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते, आणि तिथे ज्यांच्याकडून आशा आहे अशांनाच बोलावतात. ते बोलावणं नाकारायचं नसतं. त्या वर्षी आम्ही दिवाळीचं सामान घेऊन फिनिक्सला गेलो आणि हॉटेलच्या खोलीत मुलीने त्याला उटणं लावलं.

तुमच्या घरच्यांनी मे महिन्यातला मुहूर्त काढला असेल तर तो आजच बदलायला सांगा. तुळशीच्या लग्नानंतरचे, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीमधले मुहूर्त बघा. तोवर फॉल लीगही संपलेली असते आणि मार्चच्या सरावाला अवकाश असतो.