किलोआधी साखर उतरते

आपल्या भावाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 41 आहे, मधुमेह सहा वर्षांचा आहे आणि वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेविषयी ‘वजन उतरेल, पण आजारांचे काय?’ असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, वजनासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण आहे. तरीही माझ्या मते ही शस्त्रक्रिया करण्याचे खरे कारण आजार हेच असते.

बायपासमध्ये जठराचा लहानसा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचते, जीएलपी-1 हे साखर खाली आणणारे संप्रेरक जास्त स्रवते आणि, आहार अत्यल्प असल्याने यकृतातील चरबीही लगेच घटू लागते. म्हणून वजनाच्या कितीतरी आधी साखर खाली येते. रुग्णालयात मी औषधाच्या कपाने घोट घोट पाणी पीत होतो, तेव्हाच माझे इन्सुलिनचे युनिट रोज कमी करावे लागत होते, आणि काटा मात्र जवळपास जागचा हललेला नव्हता.

याला ‘मधुमेह बरा झाला’ म्हणणे मला पटत नाही. शस्त्रक्रिया आणि औषधे यांची तुलना करणाऱ्या स्टॅम्पीड या वैद्यकीय चाचणीत पाच वर्षांनी एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) 6 टक्के किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपास गटात 29 टक्के, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करणारी शस्त्रक्रिया) गटात 23 टक्के आणि केवळ औषधोपचारांच्या गटात 5 टक्के होते. म्हणजे फरक मोठा आहे, पण हमी नाही. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनवर जितका अवलंबून, तितकी ही शक्यता घटते, त्यामुळे निर्णय वर्षानुवर्षे लांबवण्यात शहाणपण नाही.

रक्तदाब, फॅटी लिव्हर, झोपेत श्वास अडकणे, गुडघेदुखी यांतही बहुतेकांना उतार पडतो; झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र मात्र तपासणीशिवाय स्वतःहून बंद करू नये. 1987 मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्यूचा धोका, वय व इतर घटक जमेस धरून, सुमारे 29 टक्क्यांनी कमी आढळला.

बदल्यात बी-12, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते आणि रक्ततपासण्या चुकवून चालत नाही. (वजन उतरले की लोक नेमके हेच सोडतात.) डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी सी-पेप्टाइड तपासणीविषयी विचारा, कारण शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे तिच्यावरून कळते. भावाला रात्री छातीत जळजळ होत असेल तर तेही आधीच सांगा. स्लीव्हनंतर ती वाढू शकते आणि अशा वेळी शल्यचिकित्सक सहसा बायपास सुचवतात.