निपाणीहून खानापूरला आणि पुढे गोव्याला गाडीतून क्रॉसबो नेता येतो का? लायसन लागतं का?

लायसन लागत नाही. मात्र तुम्ही जो रस्ता लिहिलाय, त्या रस्त्याने क्रॉसबो (बंदुकीसारखा दांडा आणि चाप असलेलं धनुष्य) नेऊ नका.

तुमचा बेत असा दिसतो: ऑनलाइन घेतलेला क्रॉसबो निपाणीहून खानापूरजवळच्या हेमाडगा भागात मित्राच्या शेतावर टार्गेट मारायला न्यायचा आणि तिथून अनमोड घाटाने किंवा चोर्ला घाटाने गोव्याला जायचं. मी बेळगावात फौजदारी वकिली करतो. अशी गाडी अडवल्यावर पुढं काय काय होतं, ते बघायची वेळ येते माझ्यावर.

आधी लायसनचं संपवू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीला परवाना सक्तीचा आहे, तो कलम ३ खाली. बंदूक सोडून बाकीच्या हत्यारांसाठी शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या परिशिष्टातला पाचवा वर्ग बघायचा. त्यात तलवारी, खंजीर, भाले, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे, असली नावं आहेत. धनुष्यबाणाचं नाव नाही, क्रॉसबोचंही नाही. आणि त्या वर्गातल्या वस्तूंनासुद्धा परवाना तेव्हाच लागतो, जेव्हा केंद्र सरकार कलम ४ खाली एखाद्या भागासाठी तशी अधिसूचना काढतं.

विकणारे इथपर्यंतच सांगतात. 'नो लायसन रिक्वायर्ड' असं ठळक छापलं की त्यांचं काम झालं. त्याच कायद्याचं कलम २० कोणी सांगत नाही. हत्याराला परवाना असो वा नसो, ते ज्या रीतीने, ज्या परिस्थितीत नेलं जातंय त्यावरून बेकायदा वापराचा रास्त संशय येत असेल, तर वॉरंटशिवाय अटक करता येते आणि हत्यार जप्त करता येतं. 'शस्त्र' शब्दाची व्याख्याही ऐसपैस आहे. मारायला किंवा बचावाला बनवलेली कुठलीही वस्तू तीत बसू शकते. फक्त घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू, साधी काठी आणि खेळणी तेवढी वगळली आहेत. १५० पाउंड ताणाचा क्रॉसबो खेळण्यात बसवायला मी तरी कोर्टात उभा राहणार नाही.

रीत आणि परिस्थिती म्हणजे काय, त्याचा एक नमुना सांगतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर एका पोराची गाडी उघडली. मागच्या सीटवर क्रॉसबो, नुसता टॉवेल टाकलेला. बाणांना तीन पात्यांची ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची धारदार टोकं आधीच लावलेली. शेजारी डोक्याला बांधायची बॅटरी आणि एक रिकामं पोतं. पोरगा म्हणत होता, नेमबाजीचा छंद आहे. असेलही. पण टार्गेट मारायला पोतं कशाला, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. तीच वस्तू खोक्यात, बिलासकट, साध्या टोकांच्या बाणांबरोबर सापडली असती तर दहा मिनिटांत गाडी सुटली असती.

आता जंगल, म्हणजे तुमच्या बाबतीतला मुख्य धोका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येतच धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलाय, आणि शेवटी प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन, अशी पुस्ती आहे. म्हणजे इथं क्रॉसबोबद्दल वादाला जागाच नाही. कलम ३१ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय कुठलंही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही.

यावर लोक म्हणतात, आम्ही फक्त रस्त्याने जातोय की ओ, उतरणार पण नाही. इथं कलम २७ आणि ३१ नीट शेजारी ठेवून वाचा. अभयारण्यातून सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्याला प्रवेशाचा परवाना लागत नाही, ही सूट कलम २७ मध्ये आहे. ज्याची जमीन आत आहे त्यालाही सूट तिथंच आहे. कलम ३१ मध्ये यातली एकही सूट नाही. म्हणून मित्राचं शेत हद्दीत असलं तर तो स्वतः आत राहू शकतो, पण तुमचा क्रॉसबो तेवढ्याने आत जाऊ शकत नाही. खानापूर-हेमाडगा रस्ता भीमगड अभयारण्यातून जातो; २०११ साली अधिसूचित झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं. अनमोड उतरलात की गोव्यातलं भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान. राष्ट्रीय उद्यानालाही कलम ३५(८) मुळे हाच नियम. चोर्ल्याने गेलात तर पलीकडे म्हादई अभयारण्य आहेच.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम ५० खाली गाडी थांबवून झडती घेण्याचा आणि हत्यारासकट गाडी जप्त करण्याचा अधिकार वनखात्याला आहे. गाडी वडिलांच्या नावावर असली तर त्यांनाही ती सोडवायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

मित्राच्या पिकात रानडुकरं घुसतात म्हणून हा खटाटोप असेल (तुम्ही तसं लिहिलं नाहीये, पण खानापूर, चंदगड भागात क्रॉसबो घेणाऱ्यांच्या मनात हे असतंच), तर डुक्कर मारायलाही कलम ११ खाली लेखी आदेश लागतो. गवा तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे. त्या वाटेला जाऊच नका.

मनाई आदेशांचं थोडक्यात. कर्नाटक पोलीस कायद्याचं कलम ३५, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७, आणि दोन्हीकडे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. हे आदेश लागू असताना इजा करू शकणारी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी घालता येते, मग लायसनचा युक्तिवाद चालत नाही. आपल्याकडे १ नोव्हेंबरच्या आसपास, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा आणि निवडणुकीत नाक्यांवर तपासणी कडक असते. त्या दिवसांत क्रॉसबो घरी ठेवा.

इंटरनेटवर 'दोरी चढवलेली नसली की गाडीत चालतं' असं वाचलं असेल. तो अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या शिकारीच्या नियमांचा भाग आहे. आपल्याकडे त्याला कायद्याचा आधार नाही. तरी दोरी ओढलेला क्रॉसबो गाडीत ठेवायचाच नाही, खड्ड्यात आपटला तर चाप सुटतो. जमत असेल तर कमान दांड्यापासून सोडवा, सगळं कुलपाच्या खोक्यात घालून डिकीत टाका, बाण वेगळे ठेवा. ब्रॉडहेड टोकं घेऊच नका. बिल सोबत असू द्या.

जप्ती झालीच तर महजर, म्हणजे आपला पंचनामा, कन्नडमध्ये लिहिलेला असणार. वाचता येत नसेल तर आधी कोणाकडून तरी वाचून घ्या, मग सही करा. वस्तूचं वर्णन बरोबर आहे का, बाणांची टोकं कुठली लिहिलीत, ते बघा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. ते झालं का, हेही विचारा. वस्तू परत मिळण्यासाठी अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करायचा, ठाण्यात हुज्जत घालून उपयोग नाही.

सराव निपाणीजवळच कुणाच्या तरी कुंपणाच्या आत करा. आणि गोव्याला न्यायचाच असेल तर संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असे उतरा. आंबोली भागात संवर्धन राखीव क्षेत्र आहे, पण कलम ३१ अशा क्षेत्रांना लागू केलेलं नाही. निघण्याआधी कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कलम ३७ चा मनाई आदेश चालू आहे का, तेवढं मात्र बघून घ्या.