पास्ता सॉसची बरणी: वाचक विचारतात

तयार पास्ता सॉसबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

सुपरमार्केटमध्ये पास्ता सॉसच्या बरण्यांचं अख्खं फडताळ असतं. किमतीत तिप्पट-चौपट फरक, चित्रं मात्र सगळ्यांवर सारखीच लालबुंद. चांगली बरणी ओळखायची कशी?
— वाचक, ठाणे

चित्र सोडून द्या, बरणी फिरवा आणि घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून पहिल्या तीन-चार नावांत सॉसचं खरं रूप कळतं. टोमॅटो, तेल, कांदा, मीठ असा क्रम दिसला तर बरणी घ्यायला हरकत नाही. पाणी, साखर, मग टोमॅटो पेस्ट असा क्रम असेल तर ते केचपचं भावंड आहे.

'टोमॅटो पेस्ट' हा शब्द दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. आकडा बघा. पेस्टमध्ये साधारण 28 ते 30 टक्के घन भाग असतो, ताज्या टोमॅटोत 5 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 1 ग्रॅम पेस्ट साडेपाच-सहा ग्रॅम टोमॅटोइतकी. लेबलवर पेस्ट 28 टक्के असेल तर 100 ग्रॅम सॉसमागे 150 ग्रॅमहून जास्त टोमॅटो आटलेले आहेत, आणि हे उत्तम आहे. तोच आकडा 12 टक्के असेल तर 100 ग्रॅम सॉसमध्ये जेमतेम 70 ग्रॅम टोमॅटो. मग उरलेला दाटपणा कुठून आला? तो स्टार्च आणि गोंदातून येतो: यादीत 1422 किंवा 1442 म्हणजे प्रक्रिया केलेला स्टार्च, 415 म्हणजे झँथन गम. ही घातक द्रव्यं नाहीत, पण टोमॅटोची जागा घेऊन बसतात. चवीच्या बाबतीत एक फरक राहतोच. पेस्ट खूप वेळ आटवलेली असल्याने तिला शिजका, गडद स्वाद असतो, तर चिरलेल्या किंवा गाळलेल्या टोमॅटोच्या सॉसला ताजेपणा असतो.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळ्या ओळींत असतात. टोमॅटोची स्वतःची साखर धरून 100 ग्रॅममागे एकूण 4 ते 6 ग्रॅम साखर स्वाभाविक आहे. वरून घातलेली साखर शून्य असेल तर छान, 3 ग्रॅमपर्यंत चालेल. त्यापुढे सॉस गोडच लागणार. सोडियमचे मिलिग्रॅम अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. 100 ग्रॅमला 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ, इतपत बरं.

घरी आणल्यावर एक साधी परीक्षा करता येते. चमचाभर सॉस स्टीलच्या ताटलीत घ्या आणि ताटली तिरकी धरा. टोमॅटोचा सॉस सावकाश पसरतो, कडेने गुलाबीसर पाण्याची बारीक रेघ सुटते, आत गर आणि तेलाचे थेंब दिसतात. स्टार्चचा सॉस गोळा होऊन चकाकत राहतो आणि खिरीसारखा एकसंध घसरतो. ती पाण्याची रेघ बघून लोकांना सॉस पातळ वाटतो, पण तीच चांगली खूण आहे.

बरणीतला सॉस इतका आंबट निघाला की मुलांनी ताट बाजूला सारलं. दोन चमचे साखर घातली, तर आंबटगोड जॅमसारखी चव आली. असा सॉस सुधारता येतो का?
— वाचक, कोल्हापूर

येतो, पण साखरेने नाही. साखर आंबटपणा झाकते, कमी करत नाही, त्यामुळे दोन्ही चवी एकदमच जिभेवर येतात.

आंबटपणा मुद्दाम ठेवलेला असतो, हेही लक्षात घ्या. बंद बरणीत घातक जंतू वाढू नयेत म्हणून सॉसचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली असावा लागतो. पिकलेले टोमॅटो या रेषेच्या अगदी जवळ असतात, म्हणून सायट्रिक आम्ल, म्हणजे 330, घालतात. ती भेसळ नाही.

400 ग्रॅमच्या बरणीसाठी असं करा. पसरट कढईत दीड चमचा लोणी आणि एक चमचा तेल तापवा. एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून मंद आचेवर 8-10 मिनिटं परता. कांदा पारदर्शक होऊन गोडसर वास यायला हवा, तांबूस व्हायला नको. दोन पाकळ्या लसूण ठेचून घाला आणि अर्ध्या मिनिटात सॉस ओता, कारण लसूण करपला की कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. झाकण न ठेवता 10 मिनिटं मंद उकळू द्या. आता चव घ्या. बहुतेक वेळा इथेच काम झालेलं असतं, कारण लोण्याचा स्निग्धपणा आणि कांद्याची गोडी आंबटपणाची धार बोथट करतात.

तरीही आंबट असेल तर खायचा सोडा, चहाच्या चमच्याचा आठवा भाग. फेस येईल. ढवळा, फेस बसू द्या, मग पुन्हा चव घ्या. सोडा आम्लाला खरोखर मारतो, म्हणूनच बेताने घालायचा. पाव चमच्याच्या पुढे गेलात तर साबणासारखी चव येते आणि रंगही मळकट होतो.

पिझ्झासोबत येणारी ओरेगॅनोची पाकिटं वापरणार असाल तर त्यांत बहुधा मीठही असतं. ती शेवटी घाला आणि तोवर सॉसमध्ये वेगळं मीठ घालू नका.

सॉस चांगला घेतला, तरी ताटात पास्ता वेगळा आणि खाली लाल पाणी, असं होतं. सॉसचा दोष की माझा?
— वाचक, पुणे

बहुधा सॉस निर्दोष आहे, घोटाळा उकडण्यात आहे. पास्ता पूर्ण शिजवायचा, गाळून गार पाण्याखाली धरायचा, तेल चोळायचं आणि वरून सॉस ओतायचा, ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. गार पाण्याने पृष्ठभागावरचं पीठ धुऊन जातं. खरं तर तेच सॉसला धरून ठेवतं. वर तेलाचा थर दिला की सॉस घसरतोच.

300 ग्रॅम पास्ता आणि 400 ग्रॅम सॉस हे प्रमाण चौघांना पुरतं. 3 लिटर पाणी खळखळ उकळू द्या, त्यात चहाचे 3 सपाट चमचे मीठ घाला. घरच्या सॉसला 4 चालतात, बरणीतल्या सॉसमध्ये मीठ आधीच असतं. पाकिटावर 10 मिनिटं लिहिली असतील तर 8 मिनिटांनी पास्ता काढा. शितासारखा दाबून न बघता दातांनी तोडून बघा: मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. गाळण्याआधी ते गढूळ पाणी वाटीभर बाजूला ठेवा. ते फेकलं की सगळं फसलं!

सॉस पसरट कढईत आधीच गरम असू द्या. पास्ता थेट त्यात घाला, अर्धी वाटी पास्त्याचं पाणी घाला, आच मोठी करा आणि दोन मिनिटं हलवत राहा. पाण्यातलं पीठ सॉसमधलं पाणी आणि तेल एकत्र बांधतं. उलथन्याने तळाशी रेघ ओढा. रेघ क्षणभर उघडी राहून हळूच भरली की गॅस बंद करा. लगेच भरली तर अजून आटवा, भरलीच नाही तर दोन चमचे पाणी घाला.

पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच घ्या. मऊ गव्हाचा पास्ता शेवटच्या दोन मिनिटांत चिकट होतो आणि सॉसचा लगदा करतो.

इथे रेओजची बरणी इतर सॉसच्या दुपटीहून महाग आहे. एवढे पैसे द्यावेत का? आम्ही शाकाहारी आहोत, आणि इथल्या बरण्यांवर हिरवा ठिपका नसतो.
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

रेओजच्या मारिनाराची, म्हणजे साध्या टोमॅटो सॉसची, यादी वाचली की किंमत कशाची आहे ते कळतं: इटलीचे अख्खे सोललेले टोमॅटो, ऑलिव्ह तेल, कांदा, मीठ, लसूण, तुळशीच्या जातीचं बेसिल, मिरी, ओरेगॅनो. साखर नाही, स्टार्च नाही. प्रेगो या दुसऱ्या ब्रँडच्या नेहमीच्या सॉसमध्ये साखर टोमॅटोच्या पाठोपाठ येते. कढईत काहीच न करता फक्त गरम करून वाढायचं असेल तर महाग बरणीचे पैसे वसूल होतात. वर सांगितल्याप्रमाणे कांदा परतणारच असाल तर मात्र साखर न घातलेली कुठलीही मध्यम किमतीची मारिनारा घ्या. तुलना करताना एक सांभाळा. अमेरिकी लेबलवरचे आकडे अर्ध्या कपाला, म्हणजे साधारण 125 ग्रॅमला असतात, भारतातले 100 ग्रॅमला.

'सॅन मार्झानो' या नावालाही जपून भुला. नेपल्सजवळच्या सार्नो-नोचेरा भागातल्या या टोमॅटोला युरोपचं डीओपी संरक्षण आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येतं. नावापुढे 'स्टाइल' लिहिलं असेल तर ते तिथले नाहीत.

शाकाहाराचं म्हणाल तर साध्या मारिनारात चीज नसतं. अडचण येते ती पेस्तो (बेसिल आणि चीजची चटणी), आल्फ्रेडो (चीजचा पांढरा सॉस) आणि 'फोर चीज'मध्ये. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या द्रव्याने) करावं लागतं, तसा नियमच आहे. ग्राना पादानोचंही तेच. यादीत ही नावं असतील तर बरणी परत ठेवा. चीज साधं 'पार्मेझान' म्हणून लिहिलं असेल तर पुढे 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन' रेनेट असा उल्लेख शोधा.

कांदा-लसूण नसलेला तयार सॉस मिळेल का?
— वाचक, घाटकोपर

पास्ता सॉस शोधण्यापेक्षा पासाटा घ्या. हा सालं-बिया काढून गाळलेला टोमॅटो, यादीत बहुधा टोमॅटो आणि मीठ इतकंच असतं. मुत्ती या इटालियन कंपनीचा पासाटा भारतातही मिळतो. 400 ग्रॅमला दोन चमचे तेल, दोन चिमूट हिंग, अर्धा चमचा कुटलेली मिरी, बारीक किसलेलं अर्धं गाजर. गाजर मऊ होईपर्यंत परता, मग पासाटा घालून 15 मिनिटं उकळा. तयार बरणीच घ्यायची असेल तर यादीत फक्त 'मसाले' असा मोघम उल्लेख आहे का ते पाहा. त्या एका शब्दात लसणाची पूड सामावू शकते.

पांढरा सॉस गरम केला की फाटतो.
— वाचक, नागपूर

आच मोठी होते म्हणून. 200 ग्रॅम सॉसला पाव वाटी कोमट दूध घालून मंद आचेवर, बुडबुडे येऊ न देता गरम करा. टोमॅटो किंवा लिंबू घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर. पेस्तो तर आचेवर ठेवूच नका. बेसिल काळं पडतं आणि चीजच्या गुठळ्या होतात. गरम पास्त्यात चमचाभर पाण्यासोबत कालवा, पुरे.

बरणी उघडून तीन आठवडे झाले. फ्रिजमध्येच होती, पण कडेला पांढरे ठिपके दिसतात. वरचा थर काढून वापरू का?
— वाचक, सांगली

नाही, सगळाच टाकून द्या. बुरशीचे तंतू मऊ सॉसमध्ये दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. शिवाय बुरशी आम्ल खाते, त्यामुळे तिच्याखालचा सॉस पहिल्याइतका सुरक्षित राहत नाही.

विकत घेतानाच झाकणाचा मध्यभाग दाबून बघा. तो आत बसलेला हवा. टिकटिक वाजत असेल तर हवा शिरली आहे. घरी उघडताना 'टक्' असा आवाज यायला हवा. उघडल्यावर लेबलवर लिहिलंय तितकेच दिवस, आणि लिहिलं नसेल तर पाच दिवस, फ्रिजमध्ये ठेवा. चमचा कोरडा आणि न उष्टावलेला हवा. दोघांच्या घरात 400 ग्रॅमची बरणी पाच दिवसांत संपत नाही, म्हणून उघडल्या दिवशीच निम्मा सॉस बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. गोठल्यावर वड्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, दोन-तीन महिने चव टिकते. एका माणसाच्या पास्त्याला चार वड्या लागतात. आधी वितळवायची गरज नाही, थेट गरम कढईत घाला.