गावात एकट्याने राहणाऱ्या, पायाने ६० टक्के दिव्यांग असलेल्या भावाला कुठलं अनुदान मिळेल?

भावाचं पायाचं अपंगत्व ६० टक्के आहे म्हणता, मग आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलं की बहुतेक दारं उघडतात. महिन्याच्या खर्चासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाली. एवढ्यात घर चालत नाही, पण औषधं आणि किराण्याला हातभार लागतो. तीनचाकी, कुबड्या केंद्राच्या एडिप योजनेतून.

लोक विसरतात ते वेगळंच: ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चावे लागतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलंत तर "निधी नाही" हेच ऐकाल.