दर वेळी मीच का बोलवायचं?

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या बाईंनी खुर्चीवर बसण्याआधीच मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे तुम्हीच वाचा. मी परत वाचलं तर मला रडू येईल."

सहा मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यांचा मेसेज असा: "चला गं, या महिन्यात भेटू या! कोण कोण येणार? कधी जमेल ते सांगा." खाली एक अंगठा, एक हसरा चेहरा आणि "सांगते गं नंतर" एवढंच. तीन दिवसांनी कुणीतरी संकष्टीचा गणपती टाकलेला. त्याखाली पुन्हा यांचाच मेसेज, "काय झालं मग?" त्यावर काही नाही.

"सगळ्यांनी वाचलंय. निळ्या खुणा बघा ना."

त्यांचं वय 47. ठाण्यात राहतात, बँकेत नोकरी करतात. मुलगा शिकायला बाहेरगावी, नवऱ्याची फिरतीची नोकरी. मैत्रिणी कॉलेजपासूनच्या. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मैत्रिणींची नावं न घेता त्यांच्या गावांनीच त्यांचा उल्लेख करते.)

"7 वर्षं मीच बोलावतेय," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये ठरवलं, आता गप्प बसायचं. बघू तरी कोण विचारतं. पाच महिने झाले, एकीनंही विचारलं नाही. शेवटी मीच हा मेसेज टाकला. म्हणजे मी त्यांना नकोच आहे ना?"

हा प्रश्न माझ्याकडे अनेक रूपांत येतो. निवृत्तीनंतर कट्टा जमवू पाहणारे आजोबा विचारतात, नोकरीसाठी शहर बदललेली पंचविशीतली मुलं विचारतात. बहुतेकांनी ही गप्प बसायची परीक्षा घेतलेली असते. मला तिची खरोखर भीती वाटते. ज्यांची परीक्षा चालू आहे त्यांना पेपर असल्याचंच माहीत नसतं, आणि निकाल मात्र मैत्रीवर लागतो.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, कामातलं लक्ष याबद्दल विचारलं. बाकी सगळं ठीक होतं, दुखणं या एकाच जागी होतं. ते विचारणं मी कधी टाळत नाही. माणसं नकोशी होणं, कशातच मन न लागणं असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर गोष्ट वेगळी असते. तेव्हा डॉक्टरांना भेटावं, निदान टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर बोलावं.

मग विचारलं, "कॉलेजात असताना कोण बोलवायचं?"

त्या थांबल्या. "कुणीच नाही. लेक्चर सुटलं की कँटीन. दिवाळीच्या पहाटे फडके रोड."

डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहिल्या पहाटे तरुण मुलामुलींची केवढी गर्दी होते, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तिथं येण्याचं निमंत्रण कुणी देत नाही. कोण कोण येणार, असं विचारतही नाही. दिवस ठरलेला, जागा ठरलेली. कॉलेजात वेळापत्रक हेच काम रोज करत असतं. आपल्याला वाटतं आपली मैत्री आपोआप झाली. खरं तर कुणीतरी आपल्याला रोज एका बाकावर आणून बसवत होतं.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये याचा हिशोब मांडला होता. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात आणि जिवलग मैत्री व्हायला 200 पेक्षा जास्त. या सहाजणींचे ते तास केव्हाच भरले होते. त्यांच्याकडे मैत्री होती, वेळापत्रक मात्र हरवलं होतं. गेली 7 वर्षं त्या एकटीनं, दर महिन्याला नव्यानं, ते वेळापत्रक बनत होत्या. थकणारच.

मी त्यांना एक काम दिलं. ग्रुपवर काही लिहायचं नाही. एकेकीला फोन करायचा, आठवड्यातून एकीला, आणि भेटीचा विषय काढायचा नाही. फक्त कशी आहेस, एवढंच.

"परत मीच?" त्या चिडल्या.

"हो, या वेळीही तुम्हीच." मी हे गुळमुळीतपणे सांगितलं नाही, कारण कुणाला तरी करावंच लागतं. आपण अचानक फोन केला तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा आपला अंदाज बहुतेकदा कमी पडतो. संशोधक पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे दिसलं, आणि ध्यानीमनी नसताना आलेला निरोप तर जास्तच सुखावतो, हेही दिसलं.

सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा डायरी घेऊनच आल्या.

डोंबिवलीच्या मैत्रिणीच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. सांभाळायला येणारी बाई संध्याकाळी सात वाजता जाते, त्यानंतर ही घराबाहेर पडू शकत नाही. आणि यांच्या भेटी असायच्या रात्रीच्या जेवणाच्या. मुलुंडच्या मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी गेलेली. हॉटेल आणि रिक्षा-टॅक्सी धरून एका भेटीला हजार-बाराशे रुपये जायचे. तिनं "पाहुणे आहेत", "मुलीची परीक्षा आहे" अशी कारणं दिली होती, आणि यांनी ती मनाला लावून घेतली होती. पनवेलची म्हणाली, "अगं, तू बोलावतेसच, म्हणून मी निवांत असते." पाच महिने झाले हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. घोडबंदर रोडवर राहणारी, म्हणजे सगळ्यांत जवळची, तिनं फोन उचलला नाही. "कामात आहे, करते" असा मेसेज आला आणि नंतर फोन आलाच नाही.

राहिली कल्याणची. डायरीतलं ते पान त्या वाचेचनात. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती म्हणाली, तू सगळं ठरवूनच टाकतेस. हॉटेल तुझं, वेळ तुझी, वाढदिवसाचा केकसुद्धा तुझाच. आम्ही पाहुण्यांसारख्या येतो आणि पाहुण्यांसारख्या जातो."

तो सगळा तास यावरच गेला. इतकं केलं त्याचं हे फळ, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. कल्याणची बरोबर आहे असं मी म्हटलं नाही. त्या क्षणी त्यांना ते ऐकवण्यात काही अर्थ नव्हता, आणि 7 वर्षांचे कष्ट खरेच होते. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "केकचे पैसे कोण द्यायचं?"

"मीच."

"कुणी देऊ केले तर?"

"छे! घ्यायचे कसे?" आणि मग त्या स्वतःच थोड्या थबकल्या. "आमच्या आईचंही असंच होतं. आलेल्या माणसाला कपसुद्धा विसळू द्यायची नाही. फक्त भिशीच्या बायकांना द्यायची."

तो शब्द त्यांच्या तोंडून आला याचा मला फार आनंद झाला. मी म्हटलं, "भिशीचं सांगा."

आईची भिशी 12 जणींची. दर महिन्याच्या 10 तारखेला. चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिला सगळ्यांचे पैसे आणि त्या महिन्याची भिशी तिच्या घरी. कुणाकडे पोहे, कुणाकडे साबुदाणा वडा. जिला जमायचं नाही ती पोराच्या हाती पैसे पाठवायची. ती आली नाही म्हणून भिशी मोडायची नाही आणि तिचं नावही जायचं नाही. "मला आठवतंय तेव्हापासून मी बारावीत जाईपर्यंत चालू होती," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आता तुमचा मेसेज आठवा. "कोण कोण येणार? कधी जमेल?" सहाजणींनी सहा दिवस सांगायचे, प्रत्येकीनं दुसरीच्या उत्तराची वाट बघायची, आणि जिला जमणार नाही तिनं पहिला नकार द्यायला कचरायचं. आईच्या भिशीत हे दोन प्रश्नच नव्हते. तारीख कुणी विचारत नव्हतं आणि राबणारं घर दर महिन्याला बदलत होतं.

पैशाची भिशी मात्र नको, असं मी स्पष्ट सांगितलं. ओढाताणीत असलेल्या मैत्रिणीवर दर महिन्याचा हप्ता येतो, आणि असे तोंडी व्यवहार बिनसले की पैशाबरोबर माणसंही जातात. चिठ्ठी फक्त बोलवायच्या पाळीची.

पुढचं त्यांनीच ठरवलं. महिन्याचा दुसरा शनिवार, कारण 2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. रविवार नको, कारण लोकलचा मेगाब्लॉक, आणि घरचे सगळे घरी. वेळ दुपारी चार ते सहा, म्हणजे डोंबिवलीची सातच्या आत घरी. खर्च आपापला, दोनशेच्या वर नाही. मर्यादा का घातली हे मुलुंडचं नाव घेऊन कुणाला सांगायचं नाही, यावर त्या माझ्याआधीच ठाम होत्या. नवा मेसेज असा होता: "दर महिन्याचा दुसरा शनिवार, चार ते सहा. या वेळी तलावपाळी. मी असणारच आहे. जिला जमेल तिनं यावं."

पहिल्या शनिवारी एकटी मुलुंडची आली. त्यांना आधी कसंनुसं झालं. पण भेळ खात दोघी तलावाकाठी दोन तास बसल्या आणि तिनं नवऱ्याच्या नोकरीचं पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. सहाजणींच्या गोंगाटात ते कधी निघालं नसतं. निघताना सहा चिठ्ठ्या लिहून एका चुन्याच्या डबीत टाकल्या आणि एक उचलली. डोंबिवली निघाली.

नोव्हेंबरमध्ये डोंबिवलीचीच्या घरी, सासूबाईंच्या खोलीत चौघी जमल्या. म्हातारीला माणसं बघून इतका आनंद झाला की तिनं चहा दोनदा मागितला. डिसेंबरमध्ये बोलवायची पाळी पनवेलचीची होती, तिनं आयत्या वेळी कच खाल्ली आणि भेट झाली नाही. या पुन्हा सगळं हातात घ्यायला निघाल्या होत्या, हॉटेल बुक करू का म्हणून मला फोनच केला. मी म्हटलं, एक महिना रिकामा जाऊ द्या. ते त्यांना सगळ्यांत जड गेलं.

घोडबंदरची एकदाही आली नाही. तिच्याबद्दल आम्ही दोन बैठका बोललो. काही मैत्र्या संपतात, आणि का संपल्या ते कधी कळत नाही. ते दुःख भिशीनं भरून निघत नाही. तिच्या नावाची चिठ्ठी डबीत ठेवायची की काढायची, हे मी त्यांच्यावर सोडलं. त्यांनी ठेवली.

जानेवारीतल्या शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. ताप होता म्हणून त्या गेल्या नव्हत्या. बोलवायची पाळी कल्याणचीची होती, तिनं सगळ्यांना काळ्या तलावावर नेलं होतं.

"मॅडम, त्या भेटल्या. चौघी. मी नसताना." आवाज कापरा होता. "फोटो आला ग्रुपवर. आधी पोटात खड्डाच पडला. मार्चमध्ये हेच तर हवं होतं मला, आणि आता झालं तर…"

मी काही बोलले नाही.

"पुढची चिठ्ठी माझी निघाली," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "कल्याणचीनं लिहिलंय, फेब्रुवारी तुझ्या घरी, केक मी आणणार, पैसे विचारायचे नाहीत."

"मग तुम्ही काय करणार?"

"चहा ठेवीन," त्या म्हणाल्या. "आणि कप त्यांना विसळू देईन."